जगाचे प्रश्न आणि शाळेची नोंदवही

प्रास्ताविक

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत गावोगावच्या शाळांतून वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतो. प्रभातफेरी निघते, घोषणा दिल्या जातात, पाहुण्यांच्या हस्ते रोप लावले जाते आणि त्याभोवती मुलांना उभे करून छायाचित्र घेतले जाते. पुढे चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्या रोपाचे काय झाले, हे बहुधा कोणी विचारीत नाही. पुढच्या आषाढात त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. मोठ्या माणसांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते. परंतु चौथीतील एखादे चौकस मूल जेव्हा विचारते, "गुरुजी, खड्डा तोच आहे, मग रोप नवे कसे?" तेव्हा शिक्षकाने क्षणभर थांबावयास हवे. अशा कार्यक्रमातून ते मूल झाडाविषयी फारसे काही शिकलेले नसते. मोठ्यांच्या बोलण्यात आणि करण्यात अंतर असते व ते अंतर अहवालात झाकता येते, एवढे मात्र ते निश्चितपणे शिकलेले असते.

पर्यावरणाचे शिक्षण ही आता ऐच्छिक बाब राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशांनुसार हा विषय सर्व स्तरांवर शिकविणे आवश्यक ठरले आहे. प्राथमिक शाळेत तो परिसर अभ्यासातून आणि पुढे विज्ञान व भूगोल यांच्या पाठांतून येतो. पाठ्यपुस्तकांत तापमानवाढ, पाण्याची टंचाई, जमिनीची धूप, वन्य प्राण्यांचा नाश हे विषय दिलेले असतात. मूल ते पाठ करते, उत्तर लिहिते आणि विसरते. हे प्रश्न साऱ्या जगाचे आहेत, असे त्यास सांगितले जाते. आणि जे साऱ्या जगाचे आहे, ते आपले नव्हे, असा त्याचा अर्थ ते आपल्यापुरता लावते.

हे टाळावयाचे तर जगाचा प्रश्न मुलाच्या हाताला लागेल अशा स्वरूपात शाळेच्या आवारात आणावयास हवा. त्याचा मार्ग फार खर्चाचा नाही. मोजणे, प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, त्यावरून एक लहानसे काम ठरविणे आणि पुन्हा मोजणे, एवढ्या चार पायऱ्यांत तो संपतो. या चारही पायऱ्या एका साध्या नोंदवहीत मावतात. त्या कशा चढाव्यात, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. जगाचा प्रश्न जगाला कसा कळला?

पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ही गोष्ट जगाला एका दिवसात उमगली नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण नियमितपणे मोजावयास प्रारंभ केला. त्या वेळी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष तीच मोजणी चालू राहिली. कीलिंग २००५ साली निवर्तले, तरी मोजणी थांबली नाही. आज ते प्रमाण ४२० भागांच्याही वर गेले आहे. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच सिद्ध झाले नसते. साठांहून अधिक वर्षांच्या अखंड नोंदीने मात्र जगातील सर्व राष्ट्रांना विचार करावयास लावले.

दुसरे उदाहरण ओझोनच्या थराचे आहे. अंटार्क्टिकावरील हॅली येथील ब्रिटिश केंद्रात १९५० नंतरच्या दशकापासून आकाशातील ओझोनची मोजणी होत असे. तेथील शास्त्रज्ञांनी १९८५ साली जुन्या व नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा तेथे वसंत ऋतूत ओझोनचा थर फारच विरळ होत असल्याचे त्यांनी जाहीर केले. शीतयंत्रांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे काही वायू त्यास कारण होते. १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी करार करून त्या वायूंचे उत्पादन क्रमाक्रमाने बंद करावयाचे ठरविले. आज तो थर हळूहळू भरून येत आहे.

ही दोन उदाहरणे मुलांस अवश्य सांगावीत. पहिल्यावरून नोंदीचे सामर्थ्य कळते. दुसऱ्यावरून माणसाने बिघडविलेली गोष्ट माणसास सुधारता येते, हा विश्वास मिळतो. येथे एक दक्षता घ्यावी. ओझोनचा थर विरळ होणे आणि पृथ्वीचे तापमान वाढणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. थरास पडलेल्या छिद्रातून ऊन आत येते व म्हणून उष्णता वाढते, असे पुष्कळ वेळा वर्गात सांगितले जाते; ते बरोबर नाही. ओझोनचा थर सूर्याचे अपायकारक जंबुपार किरण अडवितो. तापमानवाढीचे मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडसारखे वायू आहेत. ते पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता रोखून धरतात. त्याचप्रमाणे डोळ्यांस दिसणारा काळा धूर आणि न दिसणारा कार्बन डायऑक्साइड यांतही भेद आहे. हा भेद पुढे सात रस्त्यावरील पाठात येणार आहे.

२. आपला जिल्हा: पाण्याचे पुस्तक

सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकास पर्यावरणाचा पाठ शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही अनेकदा हुलकावणी देतो. १८७६-७७ चा दुष्काळ व १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणी या भागाच्या इतिहासात खोल रुतलेल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात कामावर गेलेले आजी-आजोबा अजूनही काही घरांत आहेत. त्यांस शाळेत बोलावून मुलांनी प्रश्न विचारावेत व उत्तरे नोंदवहीत उतरवून घ्यावीत. अशी मुलाखत हा भाषेचा व इतिहासाचा एकत्रित पाठ होतो.

पाणी साठविण्याची परंपराही येथे जुनी आहे. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव करविला, अशी सोलापूरची परंपरा सांगते. शहराजवळचा हिप्परगा येथील एकरुख तलाव १८७१ साली पूर्ण झाला. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. या तीन जलाशयांवर मुलांनी तीन निरनिराळे काळ पाहावेत. उजनीत येणारे पाणी पुणे व पिंपरी-चिंचवड या नगरांजवळून वाहत आलेल्या नद्यांचे असते. वरच्या माणसाने नदीत जे टाकले, ते खालच्या माणसाच्या घागरीत येते, हा नियम नकाशावर बोट फिरवून मुलास दाखविता येतो. एकदा हे उमगले की एका देशाचा धूर दुसऱ्या देशाच्या पावसावर परिणाम करतो, हे समजणे त्यास अवघड जात नाही. लहानातून मोठ्याकडे जाण्याची ही वाट आहे.

३. आवारातील पाठ: पावसाचा हिशेब आणि रोपांची संख्या

इयत्ता तिसरी ते पाचवीच्या मुलांकडून साधे पर्जन्यमापक करवून घ्यावे. तोंड व तळ सारख्याच रुंदीचे असलेला सरळ उभा डबा उघड्या जागी, झाड व भिंत यांपासून दूर ठेवावा. रोज ठरलेल्या वेळी त्यातील पाण्याची उंची मोजपट्टीने मोजून नोंद करावी व डबा रिकामा करावा. सुटीच्या दिवशी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे हे काम वाटून द्यावे. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवशी रकाना कोरा न ठेवता शून्य लिहावे. ज्या दिवशी मोजावयाचे राहून गेले, त्या दिवशी 'मोजले नाही' असे स्पष्ट लिहावे. शून्य आणि 'मोजले नाही' यांतील भेद ज्या मुलास कळला, त्यास विज्ञानाचा पहिला धडा मिळाला असे समजावे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे सूत्र मुलांनी स्वतः पडताळून पाहावे. त्यानंतर इयत्ता सहावी व सातवीस पुढील उदाहरण घालावे.

शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे, म्हणजे ६० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटर धरला तर छपरावर ३३,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी २६,४०० लिटर उरते. एवढे पाणी दरवर्षी शाळेच्या डोळ्यांदेखत वाहून जाते, हे पाहून मुले चकित होतील. परंतु शिक्षकाने तेथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारावा: पाणी साठवावयास टाकी केवढी आहे?

समजा, टाकी २,००० लिटरची आहे आणि ती पावसाळ्याअखेर भरून, झाकून ठेवलेली आहे. एका रोपास फेब्रुवारीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे २० आठवडे, दर आठवड्यास ५ लिटर पाणी द्यावयाचे. एका रोपास १०० लिटर लागले. म्हणजे टाकीच्या पाण्यावर २० रोपे जगतील.

आणखी पाणी मिळविता येईल काय? पोषण आहारानंतर ६० मुले हात धुतात. प्रत्येकी अर्धा लिटर धरले तर रोज ३० लिटर व सहा दिवसांत १८० लिटर पाणी मिळते. ते चारी काढून रोपांकडे वळविले तर ३६ रोपांची सोय होते. परंतु उन्हाळी सुटीत मुले हात धुवावयास शाळेत येत नाहीत. सुटीचे ६ आठवडे या ३६ रोपांस १,०८० लिटर टाकीतूनच द्यावे लागेल. टाकीत ९२० लिटर उरले; त्यावर आणखी ९ रोपे जगतील. एकूण ४५.

हे उदाहरण गणिताचे आहे आणि निर्णयाचेही आहे. या शाळेने १०० रोपे लावावयाची की ४५? १०० लावली तर अहवाल भरगच्च दिसेल आणि उन्हाळ्यात बहुतेक रोपे वाळून जातील. ४५ लावली तर संख्या थोडी दिसेल, पण झाडे उभी राहतील. हा निर्णय मुलांस घेऊ द्यावा व त्याचे कारण त्यांच्याच शब्दांत नोंदवहीत लिहवून घ्यावे. वरून ठरवून आलेली संख्या आणि पाण्याने ठरवून दिलेली संख्या यांत तफावत पडली, तर मुख्याध्यापकांनी मुलांचा हा हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढे व केंद्रप्रमुखांपुढे ठेवावा. उरलेली रोपे ज्यांच्या विहिरीस पाणी आहे अशा पालकांच्या बांधावर देता येतील.

प्रत्येक रोपास क्रमांक द्यावा. जातीचे नाव, लावल्याची तारीख, राखणदार मुलांची नावे व दर महिन्याची उंची असे रकाने आखावेत. कडुनिंब, करंज, बोर, चिंच, बाभूळ अशी या मातीस व पावसास मानवणारी झाडे निवडावीत. बुडाशी पाचटाचे वा वाळल्या पाल्याचे आच्छादन घालावे. मिळाल्यास कच्च्या भाजणीचे मडके रोपाशेजारी पुरून ते पाण्याने भरावे. रोप मेले तर ते 'मेले' असेच लिहावे आणि कारण शोधावे: पाणी चुकले, शेळीने खाल्ले, की वाळवी लागली? मेलेल्या रोपाची खरी नोंद ही जगलेल्या रोपाच्या नोंदीइतकीच मोलाची आहे. तीवरून पुढच्या वर्षी काय करावयाचे, ते ठरते.

४. सात रस्त्यावरील पाठ

गावातील शाळांच्या सहली सोलापूरास येतात. श्री सिद्धेश्वराचे दर्शन होते, भुईकोट किल्ला पाहिला जातो, खरेदी होते आणि मुले परततात. या सहलीत एक तास सात रस्ता येथील चौकासाठी राखून ठेवावा. नावाप्रमाणेच येथे सात रस्ते एकत्र येतात आणि वाहनांची सतत वर्दळ असते. खेड्यातील मुलास एकाच ठिकाणी इतकी वाहने सहसा मोजावयास मिळत नाहीत.

पूर्वतयारी: इयत्ता सहावी व सातवीच्या मुलांचे चार गट करावेत. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक वा पालक असावा. सर्वांनी पदपथावरच उभे राहावे. रस्ता ओलांडावयाचा नाही, अशी सक्त ताकीद द्यावी. वहीत सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, मालमोटार असे रकाने आखून आणावेत. मोजणी बरोबर १५ मिनिटे करावी. एका गटाने वाहने न मोजता दुचाकीवर व मोटारीत किती माणसे बसली आहेत, ते टिपावे. दुसऱ्या गटाने दोन सारख्या डब्यांत पाणी घेऊन एक झाडाच्या सावलीत व एक उन्हात ठेवावा आणि तासाभराने दोन्हींचे तापमान तापमापीने पाहावे.

मोजणी संपल्यावर सावलीत बसवून पुढीलप्रमाणे पाठ घ्यावा.

गुरुजी: सर्वांत अधिक कोणते वाहन मोजले?
विद्यार्थी: दुचाकी, गुरुजी.
गुरुजी: त्यांतून धूर निघताना दिसला काय?
विद्यार्थी: एक-दोन मालमोटारींतून काळा धूर निघाला. दुचाकींतून काही दिसले नाही.
गुरुजी: दिसले नाही, म्हणजे निघाले नाही, असे म्हणावे काय?
विद्यार्थी: नाही. श्वास सोडतानाही काही दिसत नाही.
गुरुजी: बरोबर. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. ते जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून अधिक वजन कोठून आले?
विद्यार्थी: त्यात आणखी काही मिसळले असेल.
गुरुजी: घरी भाकरीच्या पिठात काय मिसळतात?
विद्यार्थी: पाणी. मग गोळ्याचे वजन पिठाहून अधिक भरते.
गुरुजी: तसेच पेट्रोल जळताना त्यातील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते.

येथे हिशेबास प्रारंभ करावा. समजा, २०० दुचाकी मोजल्या आणि प्रत्येक त्या दिवशी ९ किलोमीटर गेली. एका लिटरमध्ये ४५ किलोमीटर जाते असे धरले तर प्रत्येकीस पाव लिटरहूनही कमी, म्हणजे ०.२ लिटर पेट्रोल लागले. २०० दुचाकींस ४० लिटर लागले. त्यापासून ९२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. पंधरा मिनिटांत, एका चौकात, एकाच प्रकारच्या वाहनांचा हा हिशेब आहे. मुलांनी प्रत्यक्ष मोजलेला आकडा घालून तो पुन्हा करावा. मग विचारावे: यांतील किती माणसे एका बसमध्ये मावली असती? किती जणांचे काम सायकलीने झाले असते? दुचाकीवाचून कोणाचे चालणार नाही? शेवटचा प्रश्न गाळू नये. दवाखान्यात वा कामावर वेळेत पोहोचावयाचे असते, म्हणून माणूस वाहन घेतो. त्यास दोष देणे हा या पाठाचा हेतू नाही.

सावलीतील व उन्हातील पाण्याच्या तापमानांतील अंतरही मुलांनी वाचून दाखवावे. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तेथे रस्त्याकडेच्या एका झाडाची किंमत काय, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

पाठ येथे संपवू नये, अन्यथा बिघाड शहरात आहे आणि खेडे निर्दोष आहे, असा चुकीचा समज होईल. परतीच्या वाटेवर मुलांस विचारावे: आपल्या घरी दिवा कशावर लागतो? दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे १,३२० मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र आहे. तेथे कोळसा जाळून वीज तयार होते. वर्गात कोणी नसताना फिरणारा पंखा आणि सात रस्त्यावरील दुचाकी एकाच आकाशाखाली आहेत. सहलीनंतरच्या आठवड्यात हीच मोजणी गावच्या एसटी थांब्यावर व साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर करावी आणि दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढावेत.

५. प्रत्येक माळ पडीक नसतो

झाडे लावणे चांगले, म्हणून जेथे मोकळी जागा दिसेल तेथे झाडे लावावीत, असा समज मुलांत व मोठ्यांतही आढळतो. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचा माळ हा समज दूर करतो. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली येथील अभयारण्य जाहीर झाले. हा पक्षी मोकळ्या गवताळ माळावर राहतो, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवर नजर टाकून शत्रूपासून सावध राहतो. दाट झाडी त्याच्या उपयोगाची नाही. ज्या पक्ष्यामुळे नान्नजचे नाव सर्वत्र पोहोचले, त्याचे तेथे दर्शन होणे आज अत्यंत दुर्मिळ झाले आहे. शेती, वस्ती, तारा आणि माळाचा बदललेला उपयोग ही त्याची कारणे आहेत.

म्हणून मुलांस रोप देण्यापूर्वी जागा वाचावयास शिकवावे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा सुतळीचा चौकोन माळावर आखून त्यात किती प्रकारचे गवत, किती प्रकारचे किडे, कोणाची पावले दिसतात, याची नोंद पावसाळ्यात व हिवाळ्यात करावी. रिकामा वाटणारा माळ किती भरलेला आहे, हे मुले मग आपल्या पालकांस सांगतील. कोठे झाड लावावे आणि कोठे गवतच राखावे, हा विवेकही पर्यावरण शिक्षणाचाच भाग आहे.

६. घर, शेत आणि मुलाचे मन

आपला जिल्हा उसाचा आहे. तोडणीनंतर पुष्कळ शेतांत पाचट पेटविले जाते. पाचट जाळल्याने जमिनीचे सेंद्रिय द्रव्य जाते, वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि धूर गावभर पसरतो. तेच पाचट सरींत पसरले तर ओल टिकते आणि कालांतराने त्याचे खत होते. हे वर्गात शिकवावेच. परंतु शिकविताना मुलाची कोंडी होऊ देऊ नये. ज्याच्या वडिलांनी काल पाचट पेटविले आहे, ते मूल वर्गात बसलेले असते. 'पाचट जाळणारा गुन्हेगार' अशी घोषणा त्यास द्यावयास लावणे म्हणजे त्यास वडिलांविरुद्ध उभे करणे होय. पाचट कुजेपर्यंत खोडव्याची मशागत अवघड जाते, उंदरांचे भय वाटते, मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची कारणे खरी असतात.

यापेक्षा परसबागेत दोन वाफे करावेत. एकावर पाचटाचे आच्छादन घालावे, दुसरा उघडा ठेवावा. दोहोंस सारखेच पाणी द्यावे. बोटभर खोल माती उकरून ओल किती दिवस टिकते, ते रोज लिहावे. महिन्याने पालकसभेत मुलांनी ही वही वाचून दाखवावी. शेतकरी उपदेशापुढे मान हलवितो आणि निघून जातो. दोन वाफ्यांपुढे मात्र तो उकिडवा बसून माती हातात घेतो. मुलाने वडिलांस शिकविले असे न होता, दोघांनी मिळून एक गोष्ट पाहिली असे होते.

भीतीबद्दलही शिक्षकाने सावध असावे. पृथ्वी बुडणार, पाणी संपणार, अशी चित्रे लहान मुलांपुढे उभी करू नयेत. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती जे नाही, त्याचे ओझे त्याच्या मनावर टाकणे अन्यायाचे आहे. कारखान्यांचे नियम, नगरांचे सांडपाणी, राष्ट्रांचे करार हे मोठ्यांचे काम आहे व ते मोठ्यांनीच करावयाचे आहे, हे मुलांस प्रामाणिकपणे सांगावे. मुलाचे काम त्याच्या वयाएवढेच असावे, पण ते खरे असावे.

७. जिल्ह्यातील एक उदाहरण

माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत काम केलेले शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांस ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेत, मुलींची शाळेतील उपस्थिती, निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांशी संवाद, यांबरोबरच पर्यावरणाचे कामही त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीत नमूद होते. दहा वर्षांत गावाचे हरित क्षेत्र २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेले, असे त्यात म्हटले आहे. पुरस्काराच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिला, हेही सर्वांस ठाऊक आहे.

या उदाहरणातून पुरस्काराकडे न पाहता त्या दोन आकड्यांकडे पाहावे. दहा वर्षांपूर्वीचा आकडा नोंदलेला होता, म्हणूनच नंतर 'वाढ झाली' असे म्हणता आले. ज्या शाळेने आज आपल्या आवारातील झाडे मोजली नाहीत, तिला दहा वर्षांनी आपल्या कष्टांचे फळ दाखविता येणार नाही. शिक्षकाची बदली होते, मुले पुढच्या शाळेत जातात. म्हणून ही नोंदवही शाळेच्या दप्तरात ठेवावी व कार्यभार देताना ती नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.

८. इयत्तावार कामाची वाटणी

पहिली व दुसरी: एका झाडाशी मैत्री. वर्षातून चार वेळा त्याचे चित्र काढणे, पाने, फुले, पक्षी यांविषयी तोंडी सांगणे.
तिसरी ते पाचवी: पावसाची रोजची नोंद, रोपांची मासिक उंची, वर्गातील प्लॅस्टिकच्या वेष्टनांचे आठवड्याचे वजन.
सहावी व सातवी: छपरावरील पाण्याचा हिशेब, दोन वाफ्यांचा प्रयोग, वाहनांची मोजणी, माळावरील चौकोन. विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्यास मोजावी. मात्र दोर सोडण्याचे काम शिक्षकाने वा मोठ्या माणसानेच करावे.
आठवी असल्यास: मागील वर्षांच्या नोंदींची तुलना व ग्रामसभेपुढे वाचन.

गुणांकन करताना रोप जगले की नाही, यावर गुण देऊ नयेत. तसे केल्यास खोट्या नोंदी होतात. नोंद नियमित आहे काय, चूक झाली तेथे ती कबूल केली आहे काय आणि नोंदीवरून मुलाने काही अनुमान काढले आहे काय, या तीन गोष्टी पाहाव्यात.

९. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या शाळेत गेल्या तीन वर्षांत किती रोपे लावली व आज किती उभी आहेत? हा आकडा मुलांकडून मोजवून आणावा.
२) आपल्या शाळेजवळ उन्हाळ्यात जितके पाणी असते, त्यावर किती रोपे जगतील? वरील उदाहरण स्वतःच्या शाळेचे आकडे घालून सोडवावे.
३) उन्हाळी सुटीत रोपांस पाणी कोण घालणार? त्यांची नावे व वार ठरले आहेत काय?
४) गावातील कोणती जागा झाडांसाठी योग्य आहे आणि कोणती गवतासाठी राखावयास हवी?
५) शाळेच्या नोंदवहीतील कोणती गोष्ट ग्रामपंचायतीपुढे मांडण्याजोगी आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही शाळांचे बाबतीत संकोचाचे असेल. तरीही ते जसे असेल तसे परिषदेत सांगावे. खड्डा तोच असताना रोप नवे कसे, असे विचारणाऱ्या मुलास खरे उत्तर देता येणे, हीच या कामाची पहिली पायरी आहे. ती चढल्यावर येत्या पावसाळ्यात थोडी रोपे लावावीत, त्यांस क्रमांक द्यावेत आणि पुढल्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी त्याच मुलास ती मोजावयास सांगावे.